आणलेला कायदा, आणायचा कायदा: विक्शनरीतील लॅटिन धातुसाधितांच्या नोंदी

वकिलीच्या व्यवसायात तीस वर्षे मी ‘लेक्स लाता’ आणि ‘लेक्स फेरेन्दा’ ही दोन लॅटिन पदे ऐकत आणि वापरत आलो. पहिले पद आज अमलात असलेल्या कायद्यासाठी आणि दुसरे, कायदा जसा असायला हवा असे आपल्याला वाटते त्यासाठी, एवढे मला पाठ होते. परंतु ‘लाता’ आणि ‘फेरेन्दा’ या शब्दांत वरकरणी काडीचे साम्य नसूनही ती एकाच क्रियापदाची धातुसाधित विशेषणे आहेत, हे निवृत्तीनंतर लॅटिनचे व्याकरण उघडून बसलो तेव्हा समजले. ते क्रियापद ‘फेरो’, म्हणजे ‘मी वाहतो, नेतो, आणतो’. त्याचे भूतकाळवाचक कर्मणि धातुसाधित ‘लातुस्’, स्त्रीलिंगी ‘लाता’, म्हणजे ‘आणलेली’. आणि विध्यर्थी धातुसाधित ‘फेरेन्दुस्’, स्त्रीलिंगी ‘फेरेन्दा’, म्हणजे ‘आणायची’. लॅटिनमध्ये ‘लेक्स’ स्त्रीलिंगी आहे म्हणून विशेषणेही स्त्रीलिंगी. रोमन लोक सभेपुढे कायदा ‘आणीत’, आणि आपणही मराठीत ‘सरकारने नवा कायदा आणला’ असेच म्हणतो. त्यामुळे ‘आणलेला कायदा’ आणि ‘आणायचा कायदा’ ही जोडी मराठी वाचकाला एकदा कळली की ती पुन्हा पाठ करावी लागत नाही.

हे कळण्यासाठी मला ज्या साधनाची सर्वांत जास्त मदत झाली, त्या इंग्रजी विक्शनरीचे हे परीक्षण आहे. विकिपीडियाचे हे भावंड म्हणजे एक ऑनलाइन शब्दकोश; ते १२ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाले, ते विनामूल्य आहे, त्यावर जाहिराती नाहीत आणि त्यातील नोंदी कोणालाही लिहिता व सुधारता येतात. संपूर्ण विक्शनरीबद्दल मत देण्याइतका तिचा वापर मी केलेला नाही; गेली काही वर्षे मी तिथे मुख्यतः लॅटिन धातुसाधितांची व्युत्पत्ती आणि त्यांची विभक्तिरूपे पाहत आलो आहे, आणि माझे म्हणणे तेवढ्यापुरतेच घ्यावे. नोंदींची भाषा इंग्रजी असल्यामुळे प्रथमा, षष्ठी, पंचमी यांची इंग्रजी नावे आधी माहीत करून घ्यावी लागतात, पण शाळेत संस्कृतचे रूपावली-पाठांतर केलेल्या माणसाला ते काम एका दुपारचे आहे.

‘फेरो’ या क्रियापदाच्या पानावर गेल्यास सर्व काळांचे आणि अर्थांचे मोठे कोष्टक उघडते आणि त्याच्या तळाशी चार धातुसाधिते एका ओळीत मिळतात: वर्तमानकाळी कर्तरि ‘फेरेन्स्’, भविष्यकाळी कर्तरि ‘लातूरुस्’, भूतकाळी कर्मणि ‘लातुस्’ आणि विध्यर्थी ‘फेरेन्दुस्’. मराठीत सांगायचे तर आणत असलेला, आणणार असलेला, आणलेला आणि आणायचा. प्रत्येक रूपावर टिचकी मारली की त्या रूपाचे स्वतंत्र पान उघडते, आणि विक्शनरीचे पहिले मोठे वैशिष्ट्य हेच आहे. जुन्या छापील कोशांत धातुसाधित हे क्रियापदाच्या नोंदीच्या पोटात किंवा शेपटीला असते. इथे त्याला स्वतःचे घर आहे, त्यात व्युत्पत्ती, उच्चार, अर्थ, विभक्तीचे कोष्टक आणि पुढील भाषांतील वंशज असे सर्व एका ठिकाणी येते. उच्चारही दोन दिले जातात, एक अभिजात रोमन काळाचा आणि दुसरा इटालियन वळणाचा, चर्चमधला. गोव्यात ज्यांनी जुनी लॅटिन स्तोत्रे कानांनी ऐकली आहेत त्यांना दुसरा उच्चार ओळखीचा वाटेल.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. लॅटिन रोमी लिपीत लिहिताना दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात. विक्शनरीत पानाचे शीर्षक रेघेशिवाय असते आणि आत नोंदीच्या डोक्यावर मात्र रेघेसह शब्द दिलेला असतो. देवनागरीत अ-आ, इ-ई, उ-ऊ यांचा भेद अक्षरातच असल्यामुळे मी माझ्या वहीत सर्व लॅटिन शब्द देवनागरीत उतरवून घेतो आणि ही सवय मला फार उपयोगी पडली आहे. ए आणि ओ यांच्याबाबतीत मात्र आपल्या लिपीत ऱ्हस्वाचे रूढ चिन्ह नसल्याने तिथे वेगळी खूण करावी लागते.

शीर्षकातील या रेघविरहित पद्धतीचा लाभ आणि तोटा ‘लातुस्’च्या पानावर एकत्रच दिसतो. त्या एका पानावर तीन निरनिराळे शब्द राहतात. पहिला ‘लातुस्’ म्हणजे रुंद. दुसरा ‘लातुस्’ म्हणजे आपले ‘आणलेला’. तिसरा ऱ्हस्व अकाराचा ‘लतुस्’, षष्ठी ‘लतेरिस्’, म्हणजे बाजू किंवा कूस. नवशिक्याने घाईने पहिलाच अर्थ उचलला तर घोटाळा ठरलेला, पण जो पान शेवटपर्यंत खाली सरकवतो त्याला तिन्ही शब्दांच्या स्वतंत्र व्युत्पत्ती क्रमाने वाचायला मिळतात. याची किंमत मला आधी आलेल्या एका अनुभवाने कळली होती. एका मोबाइल ॲपची वर्षभराची वर्गणी मी भरली होती. त्याचे नाव इथे देत नाही. वाचनातील ‘लेगे लाता’ या शब्दांवर अडलो तेव्हा त्या ॲपने ‘लाता’चा अर्थ ‘रुंद’ एवढाच दाखवला, आणि ‘रुंद कायद्याने’ असा अर्थ घेऊन मी त्या वाक्याशी दोन दिवस झगडत बसलो. प्रत्यक्षात ती आपली संस्कृतातली सति सप्तमीच होती, म्हणजे ‘अमुक झाले असता’ असा प्रयोग, फक्त लॅटिनमध्ये ती पंचमीत येते: ‘कायदा आणला गेला असता’. धातुसाधित ओळखता न येणे म्हणजे लॅटिन वाक्याचा अर्धा भाग हातातून निसटणे, हे त्या दोन दिवसांत मी शिकलो.

आता उत्पत्तीकडे येतो, कारण तिथे हे साधन खऱ्या अर्थाने श्रीमंत आहे. ‘फेरो’ आणि ‘लातुस्’ ही रूपे एका मुळातून निघालेलीच नाहीत. ‘फेर्’ हा संस्कृत ‘भृ’, ‘भरति’ याचा सख्खा भाऊ; दोन्ही भाषांच्या पूर्वज असलेल्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतील महाप्राण ‘भ’ लॅटिनमध्ये शब्दारंभी ‘फ’ झाला. ‘लातुस्’ मात्र उचलणे, तोलणे, सोसणे अशा अर्थाच्या दुसऱ्याच मुळातून आला आहे. त्याचे प्राचीन इटालिक रूप ‘त्लातोस्’ असे मानले जाते आणि लॅटिनने शब्दारंभीचा ‘त्ल’ टिकवला नाही, ‘त’ गळून ‘ल’ उरला. याच मुळाचे भूतकाळाचे रूप ‘तुली’, म्हणजे ‘मी आणले’, आणि जुन्या लॅटिनमध्ये ते ‘तेतुली’ असे अभ्यास झालेले होते. व्याकरणातील अभ्यास म्हणजे धातूचे द्वित्व, हे संस्कृतच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. ‘तोल्लो’ म्हणजे उचलतो, हेही त्याच घराण्यातले. आपल्याकडे संस्कृत ‘तुला’ आणि तिच्यामागून मराठी ‘तोलणे’ हे शब्द याच मुळाचे आहेत. ग्रीकमध्ये ‘त्लेतोस्’ म्हणजे सोसलेला किंवा सोसण्याजोगा, आणि वेल्श भाषेत त्याच ‘त्लातोस्’पासून ‘त्लाउद्’ असा शब्द झाला ज्याचा अर्थ गरीब. ज्याने सोसले तो गरीब! इंग्रजीतून मराठीत रुळलेल्या ‘ट्रान्सलेशन’, ‘रिलेशन’ आणि ‘लेजिस्लेशन’ या शब्दांच्या पोटात हेच ‘लात्’ आहे.

‘रुंद’ या अर्थाच्या ‘लातुस्’नेही आरंभीचे व्यंजन गमावलेले आहे, हे मला विशेष वाटते. तो पूर्वी ‘स्त्लातुस्’ असावा आणि त्याची खूण ‘स्त्लाता’ या एका रुंद नौकेच्या जुन्या नावात राहिली आहे. म्हणजे ‘त्ल’ने आरंभ होणारा एक शब्द आणि ‘स्त्ल’ने आरंभ होणारा दुसरा, दोघेही झिजत झिजत एका रूपावर येऊन मिळाले. अशा प्रकारे एकत्र आलेले शब्द वेगळे करून दाखवणे हे कोशाचे काम आहे आणि विक्शनरी ते नीट करते. व्युत्पत्तीतील प्रत्येक पायरी हा एक दुवा असतो. पुनर्रचित, म्हणजे कुठे लिहिलेली न सापडता तुलनेवरून ठरवलेल्या, रूपांसाठी वेगळी पाने आहेत आणि तिथून त्याच मुळाचे संस्कृत, ग्रीक, स्लाव्ह भाषांतील नातेवाईक दिसतात. संस्कृत शब्द देवनागरीतच दिलेले असतात, त्यामुळे लॅटिनवरून निघालेला माणूस दोन टिचक्यांत आपल्या लिपीत येऊन पोचतो.

तुलनेसाठी लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९ सालचा लॅटिन-इंग्रजी कोश घेतो, कारण बहुतेक लोक आजही तोच वापरतात आणि टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस संग्रहात तो विनामूल्य वाचता येतो. अवतरणांच्या बाबतीत त्याच्याशी विक्शनरीची बरोबरी होऊच शकत नाही. एखादे धातुसाधित कोणत्या लेखकाने कोणत्या नामाबरोबर वापरले, ते केव्हा निव्वळ विशेषण झाले, त्याला तर-तमवाचक रूपे केव्हा लागली, हे सर्व तिथे संदर्भांसह मिळते. परंतु उत्पत्तीसाठी त्याच्यावर विसंबणे आता योग्य नाही. ज्या १८७९ च्या तारखेने तो कोश निघाला त्याच तारखेने भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांचा मूळ इंडो-युरोपीय भाषेतील स्वरांवरचा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि त्यातून पुढे या क्षेत्राची मांडणीच बदलली. कोशकारांना त्याचा लाभ मिळणे शक्यच नव्हते. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. जोडाक्षरापूर्वीचा स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे तो कोश सहसा सांगत नाही, कारण छंदाच्या दृष्टीने ते अक्षर दोन्ही परींनी गुरूच ठरते. धातुसाधितांत मात्र बरेचसे रहस्य नेमके तिथेच दडलेले असते.

उदाहरण घेऊ. ‘अगो’, म्हणजे मी हाकतो किंवा करतो, संस्कृत ‘अजति’. याचा आद्य अकार ऱ्हस्व आहे, पण धातुसाधित ‘आक्तुस्’ दीर्घ आहे. ‘फकिओ’, मी करतो, याचे धातुसाधित मात्र ‘फक्तुस्’, ऱ्हस्वच. फरक कुठून आला? धातूच्या अखेरीस ‘ग’ सारखे मृदू व्यंजन असेल तर ‘तुस्’ लागताना ते कठोर होते आणि मागचा स्वर दीर्घ होतो. ‘क’ सारखे कठोर व्यंजन आधीपासूनच असेल तर स्वर जागचा हलत नाही. कार्ल लाखमान या जर्मन पंडिताच्या (१७९३–१८५१) नावाने हा नियम ओळखला जातो आणि त्याला काही अपवाद आहेत, शिवाय त्याचे कारण काय यावर अजूनही वाद चालतो. ‘आक्तुस्’चा दीर्घत्व हा आधुनिकांचा तर्क नाही, दुसऱ्या शतकातील रोमन लेखक औलुस गेल्लिउस याने असल्या रूपांतील स्वरांच्या लांबीची चर्चा करून ठेवलेली आहे. संस्कृतमध्ये ‘युज्’चे ‘युक्त’ होताना ‘ज’ चा ‘क’ होतो, पण स्वर लांबत नाही. तेव्हा मृदूचे कठोर होणे ही दोघांची सामाईक चाल आणि स्वर ताणणे ही लॅटिनची स्वतःची. विक्शनरीत ‘आक्तुस्’वर रेघ आहे, ‘फक्तुस्’वर नाही, आणि शेजारी उच्चारही लिहिलेला आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे साधन जवळ ठेवीन.

‘त’ प्रत्ययाची ही धातुसाधिते म्हणजे आपले संस्कृतातले क्त-प्रत्ययान्त शब्द, ‘युक्त’सारखे. सर्वांत स्वच्छ जोडी ‘जात’ आणि ‘नातुस्’ यांची: जुन्या लॅटिनमध्ये तो ‘ग्नातुस्’ होता, अर्थ जन्मलेला, आणि दोन्ही शब्द एकाच पुनर्रचित रूपाची अक्षरशः संतती आहेत. पण सर्वच जोड्या अशा सरळ नाहीत. दंत्य व्यंजनाने संपणाऱ्या धातूला ‘तुस्’ लागला की लॅटिनमध्ये ‘त्त’ ऐवजी ‘स्स’ येतो आणि दीर्घ स्वरानंतर त्याचाही एक ‘स’ उरतो. म्हणून ‘विद्’ या मुळाचे संस्कृतमध्ये ‘वित्त’ झाले तर लॅटिनमध्ये ‘वीसुस्’, म्हणजे पाहिलेला. ‘मृत’ला समांतर ‘मोर्तुस्’ असायला हवे होते, परंतु लॅटिनने ‘मोर्तुउस्’ केले, बहुधा ‘वीवुस्’ म्हणजे जिवंत या विरुद्धार्थी शब्दाच्या वळणावर. संस्कृतनेही असे हट्ट केलेले आहेत: ‘पच्’चे ‘पक्त’ न होता ‘पक्व’ होते आणि पाणिनीला त्यासाठी ‘पचो वः’ असे वेगळे सूत्र रचावे लागले, लॅटिनमध्ये त्याच धातूचे रूप अगदी नियमित, ‘कोक्तुस्’, शिजवलेला.

क्त-प्रत्ययाच्या वापराबाबत मराठी वाचकाला आणखी एक सोय आहे. लॅटिनमध्ये ‘पत्र लिहिले गेले’ हे ‘एपिस्तुला स्क्रीप्ता एस्त्’ असे सांगतात. ‘एपिस्तुला’ स्त्रीलिंगी म्हणून ‘स्क्रीप्ता’, आणि पुल्लिंगी ‘लिबेर्’, म्हणजे पुस्तक, आले की ‘स्क्रीप्तुस् एस्त्’. क्रियापदाने कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलावे हे इंग्रजीभाषकाला नवे शिकावे लागते. ‘तिने चिठ्ठी लिहिली’, ‘तिने ग्रंथ लिहिला’, ‘तिने पत्र लिहिले’ असे बोलत वाढलेल्याला ते मुळीच नवे नाही, कारण आपला भूतकाळही मुळात कर्मणि धातुसाधितावरच उभा आहे. विक्शनरीत या प्रयोगाविषयी धातुसाधिताच्या पानावर काहीच सापडत नाही, ही तिची खरी मर्यादा. पान रूप सांगते, मूळ सांगते, अर्थ बहुधा एका ओळीत देते आणि थांबते. वाक्यात ते धातुसाधित काय काम करते हे व्याकरणाच्या पुस्तकातूनच शिकावे लागते.

रूपांच्या कोष्टकाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ‘फेरेन्स्’चे पान उघडले की सहा विभक्ती आणि दोन वचने यांचे कोष्टक समोर येते. प्रथमा एकवचन ‘फेरेन्स्’, षष्ठी ‘फेरेन्तिस्’. आधी ‘फेरेन्त्स्’ असे रूप होते, त्यातील ‘त’ गळाला आणि ‘न्स्’पूर्वीचा स्वर दीर्घ झाला, षष्ठीत मात्र ‘न्त’ शाबूत असल्याने स्वर ऱ्हस्वच राहिला. हे एकारात देवनागरी दाखवू शकत नाही, पण ‘प्रेम करणारा’ या अर्थाच्या ‘अमान्स्’, ‘अमन्तिस्’ या जोडीत डोळ्यांना लगेच दिसते. संस्कृतमध्ये याच जागी शतृ-प्रत्ययान्त, म्हणजे वर्तमानकाळी कर्तरि धातुसाधित, ‘भरन्’ आहे. लॅटिनने ‘न्त्स्’ मधला फक्त ‘त’ टाकला, संस्कृतने ‘त्’ आणि ‘स्’ दोन्ही टाकले, आणि तरीही तो हरवलेला ‘स्’ संधीत डोकावतो: ‘भरन् तत्र’ याचे ‘भरंस्तत्र’ होते. शाळेत हा संधिनियम पाठ करताना तो ‘स्’ कुठून उपटला असा प्रश्न मला पडला होता, त्याचे उत्तर साठीनंतर लॅटिनच्या प्रथमेत मिळाले. संस्कृतात स्त्रीलिंगी ‘भरन्ती’ वेगळी आहे, लॅटिनमध्ये तिन्ही लिंगांना प्रथमेत एकच ‘फेरेन्स्’ पुरते, फक्त नपुंसकलिंगी अनेकवचनात ‘फेरेन्तिआ’ होते. आपल्या मराठीतील ‘वाहता वारा’, ‘वाहती नदी’ मधील ‘त’ हाही प्राकृतातून झिजत आलेला तोच ‘न्त’ आहे, आणि ‘जिवंत’, ‘ज्वलंत’ या शब्दांत तर तो अजून पूर्ण ऐकू येतो.

कोष्टकातील पंचमीच्या घरात दोन रूपे दिलेली असतात, ‘फेरेन्ते’ आणि ‘फेरेन्ती’, आणि दुसऱ्याला तळटीप असते की ते निव्वळ विशेषण म्हणून वापरताना येते. ही छोटी टीप मोलाची आहे. क्रियेचा अर्थ जिवंत असेल तर ‘ए’, गुण सांगायचा असेल तर ‘ई’. म्हणून ‘सोले ओरिएन्ते’, सूर्य उगवत असता, यासारख्या सति-प्रयोगात नेहमी ‘ए’. षष्ठी अनेकवचनात ‘फेरेन्तिउम्’ दिले जाते; कवी छंदासाठी ‘-न्तुम्’ असा आखूड प्रत्ययही वापरतात.

परंतु ही कोष्टके माणसाने शब्दागणिक लिहिलेली नाहीत. मूळ शब्द आणि त्याचा वर्ग दिला की संगणकी साचा सर्व घरे स्वतः भरतो. त्यामुळे प्रत्येक घर सारख्याच आत्मविश्वासाने बोलते. वाङ्मयात शेकडो वेळा आढळणारे रूप आणि केवळ नियमाने संभवणारे रूप यांत कोष्टक भेद करीत नाही. एखाद्या धातुसाधिताचे संबोधन अनेकवचन तिथे दिसते म्हणून कोणा रोमन माणसाने ते खरोखर उच्चारले होते असे समजू नये. रूप शिकणाऱ्याला यात अडचण नाही, पण रूपाच्या आधारावर काही सिद्ध करू पाहणाऱ्याने थांबून मूळ ग्रंथ तपासावेत. दुसरा दोष असमतोलाचा: लोकांनी ज्यात रस घेतला त्या नोंदी भरघोस आणि बाकीच्या एका ओळीच्या. ‘फेरेन्दुस्’ मधील ‘न्द्’ कुठून आला यावर विद्वानांत एकमत नाही, तेव्हा अशा ठिकाणी कोणताही कोश मर्यादितच बोलणार. पण जिथे बोलण्याजोगे भरपूर आहे तिथेही काही पाने गप्प असतात.

इतर विनामूल्य साधनांपैकी विल्यम व्हिटाकर यांची ‘वर्ड्स’ ही संगणकप्रणाली वाचताना अडलेले रूप क्षणात फोडून देते, ‘लातिस्’ असे घातले तर त्याच्या सर्व शक्यता मांडते. ती स्वरांची लांबी मात्र मुळीच दाखवत नाही, म्हणून वर सांगितलेल्या तीन शब्दांचा गुंता तिथे सुटायला अवघड जातो. म्यूनिकचा लॅटिन महाकोश, ज्याचे काम १८९४ पासून चालू आहे आणि अजून संपलेले नाही, तो संशोधकांसाठी आहे आणि संपूर्ण लॅटिनमध्ये आहे.

ज्या नोंदीसाठी मी हे परीक्षण लिहायला बसलो ती ‘सोन्स्’ची, षष्ठी ‘सोन्तिस्’, अर्थ दोषी, अपराधी. ‘असणे’ या क्रियापदाला अभिजात लॅटिनमध्ये स्वतःचे वर्तमानकाळी धातुसाधित नाही. ‘अब्सेन्स्’ म्हणजे गैरहजर आणि ‘प्रेसेन्स्’ म्हणजे हजर, अशा जोडशब्दांतच ते तगून आहे. पण ‘सोन्स्’ हे त्याच क्रियापदाचे अतिप्राचीन धातुसाधित मानले जाते: ‘असलेला’, म्हणजे ज्याने केले तो हाच असलेला. कोर्टात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही अर्थच्छटा ताबडतोब पटते. आता संस्कृत ‘अस्’चे शतृ-रूप पाहा: ‘सन्’, अनेकवचन ‘सन्तः’, आणि त्यातूनच आपला ‘संत’. एकाच मुळाचे एकच धातुसाधित, तिकडे अपराधी झाले आणि इकडे ज्ञानोबा-तुकोबांच्या आधी लागले. मराठीत अनेक जण ‘संत’ आणि इंग्रजी ‘सेंट’ हे एकच शब्द समजतात, तसे नाही. ‘सेंट’ निघाला ‘सान्क्तुस्’पासून, आणि तो ‘सन्किओ’, मी पवित्र ठरवतो, या क्रियापदाचे ‘तुस्’ लागलेले धातुसाधित आहे. अर्थ जुळले, ध्वनी जुळले, पण एक शतृ आणि दुसरा क्त, आणि धातूही निराळे. पोर्तुगिजांमार्फत त्याच ‘सान्क्तुस्’चे स्त्रीलिंगी रूप मुंबईच्या सांताक्रूझ स्थानकाच्या पाटीवर येऊन बसले आहे. हे सर्व दुवे विक्शनरीत एकमेकांना जोडून पाहता येतात. लुइस आणि शॉर्टच्या कोशात ‘सोन्स्’ पाहिला तर ‘संत’पर्यंत पोचायला वाट नाही.

रोजच्या मराठीतही अशी धातुसाधिते बरीच वावरतात. एजंट म्हणजे करणारा, अर्जंट म्हणजे रेटणारा, पेशंट म्हणजे सोसणारा, डेटा म्हणजे दिलेल्या गोष्टी आणि अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी. अजेंडाचे ‘न्द्’ आणि ‘फेरेन्दा’चे ‘न्द्’ एकच आहे.

वापराच्या दृष्टीने दोन सूचना. मोबाइलवर पान उघडताना भाषांचे विभाग मिटलेले असू शकतात, तेव्हा लॅटिनचा विभाग उघडून विभक्तीचे कोष्टकही स्वतंत्रपणे उलगडावे लागते. ते न उलगडल्यामुळे कोष्टक नाहीच असा समज होतो. आणि जिथे नेट पोचत नाही तिथे किविक्स या मोफत प्रणालीवर संपूर्ण इंग्रजी विक्शनरी उतरवून घेता येते. मी ती कोकणातल्या घरी जाण्यापूर्वी उतरवली. फाइल मोठी आहे, वायफायवरच उतरवावी आणि फोनऐवजी टॅबलेटवर ठेवावी, कारण कोष्टके रुंद पडद्यावरच एका नजरेत मावतात.